जमिनीतून क्रोमियम काढायला डीसी करंट: कुणी केलंय का? तातडीने मदत हवी

बांधकरी
राम राम मंडळी. जमिनीत दोन बाजूंना सळ्या ठोकून डीसी करंट सोडला की जड धातू एका सळीकडे ओढले जातात, असं वाचलं. माझ्याकडे पाच एचपीच्या सोलर पंपाचे पॅनल आहेत, पावसाळ्यात तसेही रिकामेच असतात. लोखंडी सळ्या भंगारात मिळतात. सळ्यांत अंतर किती ठेवू, व्होल्ट किती देऊ, आणि पेरणीआधी काम उरकेल का, एवढंच सांगा. 'तज्ज्ञांचा सल्ला घ्या' हे मलाही माहीत आहे, ते लिहू नका.

ओहमपुत्र
क्षेत्र किती? माती कसली? ओल किती खोल आहे? काहीच न सांगता थेट अंतर विचारताय.

बांधकरी
दीड एकर. माती काळी, आमच्याकडे दुसरी कोणती असणार? रिपोर्टमध्ये क्रोमियम १८६ आलंय. आता सांगा.

सेंद्रिय_आबा
करंटबिरंट सोडा हो. मोहरी पेरा, बांधाने वाळा लावा, जीवामृत सोडा. दोन-तीन हंगामांत जमीन आपोआप सुधारते. निसर्गाला सगळं कळतं.

ओहमपुत्र
आबा, मोहरीने धातू उचलला, तर ती मोहरी मग कुठे टाकायची? घाण्यावर न्यायची का?

सेंद्रिय_आबा
तुम्ही शहरातली माणसं. चालू द्या.

वायरमन_दादा
सळ्या ठोकताना खड्ड्यात कोळसा आणि मीठ टाका. अर्थिंगला टाकतो तसंच. रेझिस्टन्स एकदम खाली येतो. वरून पाईप ठेवून आठवड्याला एक बादली पाणी ओतायचं. आमच्याकडे शंभर टक्के रिझल्ट आहे.

चुनखडी
दादा, हे अर्थिंग नाही. मीठ टाकून डीसी सोडला तर धन सळीवर क्लोरीन वायू निघेल.

बांधकरी, १८६ म्हणजे मिलिग्रॅम प्रति किलो ना? आणि एकूण क्रोमियम की सहा-संयुजी (हेक्झाव्हॅलंट)? फरक मोठा आहे. आपली काळी माती बेसाल्टची, तिच्यात शंभराच्या वर क्रोमियम कुणी न ओतताही सापडतं. ते तीन-संयुजी, मातीला घट्ट धरून बसलेलं असतं, त्याचा फारसा त्रास नसतो. घातक असतं ते सहा-संयुजी. ते पाण्यात विरघळतं आणि विहिरीपर्यंत पोचतं. रिपोर्टमध्ये नुसता 'क्रोमियम' लिहिलं असेल, तर त्यावरून जमीन दूषित आहे असं कुणीच म्हणू शकत नाही.

बांधकरी
रिपोर्टमध्ये नुसतं क्रोमियमच लिहिलंय. पण दूषित आहेच. शेजारी प्लेटिंगचं युनिट होतं, त्यांचं पाणी वर्षानुवर्षं आमच्या नाल्यात यायचं. आता बंद पडलंय. अंतर सांगताय का कुणी?

ओहमपुत्र
सांगतो. प्रयोगांत साधारण सेंटीमीटरला एक व्होल्ट धरतात, म्हणजे मीटरला शंभर. ओल्या काळ्या मातीची वाहकता मीटरला ०.०५ सीमेन्स धरली, तर दर चौरस मीटर छेदातून पाच अँपिअर वाहतील आणि दर घनमीटर मातीला पाचशे वॅट लागतील. एक गुंठा, अर्धा मीटर खोल, म्हणजे पन्नास घनमीटर, म्हणजे पंचवीस किलोवॅट. तुमचे पॅनल भर दुपारी पाचेक किलोवॅट देतील. त्यात गुंठ्याचा पाचवा हिस्सा भागेल, आणि आयन दिवसाला सरकणार काही सेंटीमीटर. तुमचे आहेत साठ गुंठे. पावसाळ्यात पॅनल रिकामे असतात ते ऊन नसतं म्हणून, हेही ध्यानात घ्या.

दुसरं, मीटरला शंभर व्होल्ट म्हणजे बैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांत दीडशे व्होल्ट. जनावर त्या वावरात शिरलं तर जागेवर पडेल. आणि पंपाच्या पॅनलची सिरीज तर कित्येकशे व्होल्टची असते, ती थेट सळ्यांना जोडायची नसते.

गुंठामंत्री
अवांतर: पाच एचपीला सबसिडी किती मिळाली? आमच्याकडे अर्ज करून थकलो.

फॅराडेचा_नातू
पण पद्धत खोटी नाही. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनला रंगाच्या कारखान्याच्या जुन्या जागेवर १९८७ मध्ये शिसं आणि तांबं असंच काढलं होतं. सत्तर मीटर लांब, तीन मीटर रुंद पट्टी, म्हणजे जेमतेम दोन गुंठे. आपल्याकडेही १९३०च्या दशकात पंजाबात पुरी आणि आनंद यांनी खारवट जमिनीवर विजेचे प्रयोग केले होते. जिथे माती इतकी चिकट की धुवायला पाणीच आत शिरत नाही, तिथे खरं तर हीच पद्धत उपयोगी. काळ्या मातीलाच हवी ती.

चुनखडी
काळ्या मातीलाच ती नडते. धन सळीवर आम्ल तयार होतं, ऋण सळीवर अल्क. आम्ल पुढे सरकत धातू सोडवत जातं, पण आपल्या मातीतली चुनखडी ते वाटेतच खाऊन टाकते. ढेकूळ फोडून त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकून बघा, बुडबुडे येऊन फसफसेल. आणि ऋण सळीजवळच्या अल्कात पोचलेला धातू हायड्रॉक्साइड होऊन तिथेच घट्ट बसतो. म्हणून त्या टोकाला सतत सायट्रिक किंवा ॲसेटिक आम्ल घालून पाणी बदलत राहावं लागतं.

फॅराडेचा_नातू
हे शिशा-कॅडमियमचं झालं. सहा-संयुजी क्रोमियम क्रोमेट म्हणून असतं, त्याच्यावर ऋण भार. ते धन सळीकडे जातं आणि अल्कधर्मी मातीत तर जास्तच मोकळेपणाने फिरतं. त्याला आम्ल लागतच नाही, उलट आम्लात ते मातीला चिकटतं. चुनखडीचा बाऊ इथे गैरलागू आहे.

चुनखडी
मान्य, पण सहा-संयुजी असेल तर. तेच तर विचारतेय मघापासून. आणि यांच्या लोखंडी सळ्यांचं काय? धन टोकाला लोखंड झिजणार, फेरस (विरघळलेलं लोखंड) सुटणार, आणि क्रोमेट तिथे पोचताच त्याचं तीन-संयुजी होऊन साका बसणार. बाहेर काही निघणार नाही.

फॅराडेचा_नातू
मग चांगलंच आहे की! विष निकामी झालं. करंट न देता नुसतं हिराकस (फेरस सल्फेट) टाकूनसुद्धा तेच होतं.

चुनखडी
मातीतलं मँगनीज ऑक्साइड तीन-संयुजीचं काही प्रमाणात परत सहा-संयुजी करतं. काळ्या मातीत मँगनीज असतंच. हिराकस टाकून विसरून जा, असं सांगू नका कुणाला.

सेंद्रिय_आबा
बघा, रसायनावर रसायन. म्हणून म्हणत होतो, वाळा लावा.

बांधकरी
तुमचं भांडण होऊ द्या, मला पेरायचं आहे. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी पिवळट होतं, म्हणून घाई करतोय. लोखंडाच्या सळ्या नकोत तर कोणत्या घेऊ?

ओहमपुत्र
थांबा. पाणी पिवळं होतं हे आत्ता सांगताय?

चुनखडी
पिवळट की गढूळ? काचेच्या पेल्यात घ्या, तासभर ठेवा, मागे पांढरा कागद धरा. गाळ खाली बसूनही पिवळी झाक राहिली, तर क्रोमेटची शंका घ्यायलाच हवी. पेल्यात पिवळं दिसण्याच्या कितीतरी आधीच पाणी पिण्याच्या मर्यादेबाहेर गेलेलं असतं. भारतीय मानकात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. उकळून काही होत नाही, उलट पाणी आटून प्रमाण वाढतं. ते पाणी कोण पितं?

बांधकरी
आम्ही नाही पीत, टँकर येतो. जनावरांना तेच आहे. आणि शेजारच्या वस्तीवरचे दोन हंडे नेतात कधी कधी.

चुनखडी
आजपासून दोन्ही बंद करा. वस्तीवर स्वतः जाऊन सांगा. सळ्यांचं नंतर बघू.

तहसील_रिटायर्ड
मी विद्युतशास्त्रातलं काही सांगणार नाही. पण जमिनीला आत्ता हात लावू नका. सळ्या ठोकून, हिराकस टाकून तुम्हीच माती बदललीत, तर उद्या समोरचा म्हणेल, हे यांनीच केलंय. आधी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या, त्यांच्यासमोर नमुने काढायला लावा. प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्या. २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांचे नियम काढलेत, संशयित जागा कळवण्याचं काम त्यात जिल्हा प्रशासनाकडे आहे. तरीही हालचाल झाली नाही, तर पुण्यात हरित न्यायाधिकरणाचं खंडपीठ आहे. खर्च ज्याने घाण केली त्याच्याकडून वसूल व्हायला हवा.

बांधकरी
मालक सापडत नाही साहेब. शेडला कुलूप आहे.

तहसील_रिटायर्ड
तरी अर्ज द्या. कुलूप लागलं म्हणून सातबारा बदलत नाही, प्लॉट कुणाच्या नावावर आहे ते निघतं.

फॅराडेचा_नातू
आणि समजा सळ्यांनी क्रोमेट ओढून आणलंच, तर सळीभोवतीचं ते पिवळं पाणी उपसून ठेवणार कुठे? ते घातक कचऱ्यात मोडतं. तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथल्यासारख्या केंद्रांवरच जातं, नाल्यात सोडता येत नाही. हे मी आधीच लिहायला हवं होतं, चुनखडीताईंशी वाद घालण्यात राहून गेलं.

बांधकरी
बरं. सळ्या तूर्त राहू द्या. विहिरीच्या पाण्याचा नमुना कशात नेऊ? बिसलरीची बाटली चालेल? ॲसिड टाकून न्यायचा असतो म्हणे.

चुनखडी
ॲसिड एकूण धातूंच्या नमुन्यात टाकतात. सहा-संयुजीसाठी टाकू नका, ते बदलून जातं. प्रयोगशाळेकडूनच स्वच्छ बाटल्या मागून घ्या, दोन्ही चाचण्यांच्या वेगवेगळ्या. बर्फाच्या डब्यात ठेवा आणि २४ तासांच्या आत पोचवा. पावतीवर 'हेक्झाव्हॅलंट क्रोमियम' असं लिहून घ्या, नाहीतर परत नुसता एकूण आकडा हातात देतील. मातीचा नमुना नाल्याकडचा वेगळा आणि लांबच्या बांधाकडचा वेगळा द्या. दोन्हींत १८६च्या आसपास आलं तर ते बेसाल्टचं असण्याची शक्यता जास्त. नाल्याकडे वाढलेलं दिसलं तर अर्जाला जोडा.

बांधकरी
सोमवारी नेतो. वस्तीवर सांगून आलो, म्हातारी म्हणते इतकी वर्षं पितोय काही झालं नाही. रिपोर्ट आला की टाकतो इथे.

वायरमन_दादा
मीठ नको असेल तर बेंटोनाइट टाका, तेही चालतं.

गुंठामंत्री
सबसिडीचं कुणीच सांगत नाही.