मध्यवस्तीतली बाग आणि क्रीडाकेंद्र: पाडून नवं, की आहे तेच धडधाकट करायचं?

नकाशाकार
शहराच्या ऐन मध्यावर दोनेक हेक्टरची बाग. एका कोपऱ्यात चाळीस-पन्नास वर्षांचं क्रीडाकेंद्र: सभागृह, बंदिस्त पोहण्याचा तलाव, वरच्या मजल्यावर व्यायामशाळा. अशा जागेच्या पुनर्विकासाचा विषय निघाला की फिरून फिरून दोनच आराखडे समोर येतात. पहिला, सगळं पाडायचं, खाली दोन मजली पार्किंग, वर नवी इमारत आणि नव्याने लावलेली बाग. दुसरा, इमारत दुरुस्त करायची, शेजारी छोटी जोडइमारत, बागेला हात लावायचा नाही.

मी पहिल्याच्या बाजूने. रॅम्प आणि मधल्या मार्गिका धरून एका गाडीला ३० ते ३५ चौरस मीटर लागतात. २०० गाड्यांना साधारण साडेसहा हजार. तेवढं जमिनीवर दिलं तर बागेचा तिसरा हिस्सा गेला. जमिनीखाली घातलं तर वर सगळं हिरवंच राहतं. बॉस्टनचं पोस्ट ऑफिस स्क्वेअर बघा: खाली ७ मजल्यांत सुमारे १,४०० गाड्या आणि वर १९९२ पासून भर वस्तीतली उत्तम बाग.

दुसरं, अशा जुन्या सभागृहांची उंची बहुधा ६ मीटरच्या आसपास असते. बॅडमिंटनच्या स्पर्धांना किमान ९ मीटर मोकळी उंची लागते, बास्केटबॉलला ७. वीस मीटर रुंदीचं छत उचलून वर नेण्याचा खटाटोप दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात कुणी धरत नाही.

मुळाक्षर
पोस्ट ऑफिस स्क्वेअरचं उदाहरण नेहमी अर्धंच सांगितलं जातं. त्या जागेवर आधी १९५४ मध्ये बांधलेली पार्किंगचीच काँक्रीटची इमारत होती. ती पाडून गाड्या खाली नेल्या आणि वर बाग आली. तिथे गमवायला एकही जुनं झाड नव्हतं. इथे उलटी गोष्ट आहे.

आता "वर सगळं हिरवं" याचा हिशेब. मोठ्या झाडाला स्लॅबवर निदान १ ते १.२ मीटर माती हवी. ओली माती घनमीटरला १.८ ते २ टन भरते. म्हणजे एक मीटर थराचे चौरस मीटरला जवळजवळ २,००० किलो. गाड्यांच्या मजल्याला चौरस मीटरला २५० किलोचा चल भार (येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या-माणसांचा भार) धरतात. आठपट! खांब जाड होतात, तुळया खोल होतात, त्यासाठी आणखी खाली खणावं लागतं. मग अंदाजपत्रक फुगलं की पहिली कात्री मातीच्या थरालाच लागते. कागदावरचे १.२ मीटर प्रत्यक्षात ४० सेंटिमीटर होतात आणि त्यात हिरवळ, झुडपं आणि कुंडीतल्यासारखी खुरटलेली झाडं एवढंच जगतं. पूर्ण वाढीच्या झाडाला साधारण ३० घनमीटर मोकळी माती लागते. त्यात काटकसर केली तर दहा वर्षं झाड उभं राहतं, पण मोठं होत नाही.

पावसाचंही तेच. एक हेक्टरवर ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे ५०० घनमीटर पाणी. त्यातलं बरंच आज जमीन पिते. उद्या स्लॅब ते सरळ गटारात सोडेल.

नकाशाकार
झाडं तोडा असं कोण म्हणतंय? मोठी झाडं हलवता येतात. यंत्रं आहेत, तरबेज माणसं आहेत.

मुळाक्षर
येतात की. ४० सेंटिमीटर व्यासाच्या बुंध्याला दहापट, म्हणजे ४ मीटर व्यासाचा मुळांचा गोळा काढावा लागतो. खोली एक मीटर धरली तर साडेबारा घनमीटर, वजन २० टनांच्या वर. आधी कित्येक महिने टप्प्याटप्प्याने मुळं छाटावी लागतात, म्हणजे बुंध्याजवळ नवी तंतुमुळं फुटतात. ठेकेदाराला हे महिने नको असतात. तो आठवड्यात खणतो, क्रेन लावतो, उचलतो, पुरतो. पहिल्या वर्षी पानं असतात, कारण खोडातला साठा असतो. तेवढ्यात झाड जगल्याचा अहवाल जातो. उतरती कळा लागते दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, तेव्हा बघायला कुणी येत नाही. शिवाय ७० सेंटिमीटरच्या बुंध्याचं काय करणार?

त्याच झाडाला जागेवर राखायचं तर ब्रिटिश मानक ५८३७ चा साधा नियम आहे: जमिनीपासून दीड मीटरवर बुंध्याचा व्यास मोजा, त्याला १२ ने गुणा, तेवढ्या त्रिज्येत खणायचं नाही. ७० सेंटिमीटरला ८.४ मीटर. सुमारे २२० चौरस मीटर. कुंपण घालायचं ते पहिलं यंत्र आवारात यायच्या आधी. मुळं बहुतेक वरच्या ६० सेंटिमीटरमध्येच असतात, त्यामुळे ओल्या चिकणमातीवरून भरलेला डंपर दोन-चारदा गेला तरी पुरतं. माती दबते, हवा जाते, आणि वरून काहीच दिसत नाही. वाट काढायचीच असेल तर लाकडाच्या ढलप्यांचा जाड थर आणि त्यावर लोखंडी प्लेटा.

ओळंबा
इमारतीचं कुणी बोलतच नाही. "चाळीस वर्षांची आहे, म्हणजे पाडा" आणि "चांगली मजबूत आहे, म्हणजे ठेवा", ही दोन्ही विधानं डोळ्यांनी बघून केलेली आहेत. काँक्रीट बघून कळत नाही.

कोअर काढा, म्हणजे काँक्रीटमधून नळकांड्यासारखा नमुना कापून घ्या. ताज्या तुटलेल्या पृष्ठभागावर फिनॉल्फ्थॅलीन फवारा. गुलाबी झालं तिथे काँक्रीटचा अल्कलीपणा शाबूत आहे, रंग आला नाही तिथे कार्बोनेशन पोहोचलंय, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने तो संपवलाय. आता सळईवरचं कव्हर, म्हणजे तिच्या बाहेरचा काँक्रीटचा थर, मोजा. कव्हर २५ मिलिमीटर आणि बिनरंगी पट्टा १० मिलिमीटर असेल तर इमारतीत पुष्कळ आयुष्य शिल्लक आहे. पट्टा ३० असेल तर सळईचं संरक्षण संपलंय, गंज वरून दिसो वा न दिसो.

आणि नमुने भाग पाडून घ्या. तलावाच्या हॉलचे कॉलम आणि सभागृहाचे कॉलम एकाच वर्षी ओतले असले तरी त्यांचं म्हातारपण वेगवेगळं येतं. तलावाकडे क्लोराइड (क्लोरीनच्या पाण्यातून येणारा क्षार) असतं. सिमेंटच्या वजनाच्या ०.४ टक्क्यांच्या पुढे क्लोराइड गेलं की कार्बोनेशन नसतानाही सळई गंजू लागते. तिथे नुसता फुगलेला भाग फोडून ठिगळ लावलं तर ठिगळाच्या कडेचं जुनं काँक्रीट आणखी वेगाने सडतं, कारण गंजण्याचं केंद्र फक्त शेजारी सरकतं. दुरुस्ती फसल्याची जी उदाहरणं दिली जातात त्यातली पुष्कळशी या ठिगळकामाची असतात. करायचं तर सळईच्या मागे बोटभर काँक्रीट खोदून, गंज पूर्ण काढून, आणि क्लोराइडवाला भाग सरसकट उतरवून करा.

माझा अंदाज: अशा बहुतेक केंद्रांत तलावाचा भाग पाडण्यालायक आणि सभागृहाचा भाग ठेवण्यालायक निघेल. पण तो अंदाजच. आधी कोअर.

गाळणी
ओळंबा यांच्याशी सहमत, आणि तलावावरचं छत विसरू नका. स्वित्झर्लंडमधल्या उस्टर इथे १९८५ मध्ये बंदिस्त तलावाचं टांगलेलं काँक्रीटचं छत कोसळून १२ जण गेले. छत जेमतेम १३ वर्षांचं होतं. ते स्टेनलेस स्टीलच्या सळयांवर टांगलेलं होतं, आणि क्लोरीनच्या हवेत त्या सळया ताणाखाली तडकत गेल्या. स्टेनलेस, म्हणून कुणाला शंका आली नाही. जुन्या केंद्रात खोटं छत असेल तर त्याच्या वरची टांगणी आज, निविदा निघायच्या आधी, उघडून बघायला हवी. हे पुनर्विकासासाठी थांबायचं काम नाही.

पाण्याचं. २५ × १२.५ मीटर, सरासरी खोली दीड मीटर, म्हणजे सुमारे ४७० घनमीटर. आजच्या अपेक्षेप्रमाणे सगळं पाणी ४ तासांत एकदा गाळणीतून फिरायला हवं: तासाला जवळजवळ ११७ घनमीटर. वाळूच्या गाळणीला चौरस मीटरला तासाला २५ घनमीटर धरलं तर पावणेपाच चौरस मीटर लागतात, म्हणजे पावणेदोन मीटर व्यासाच्या दोन टाक्या. जुन्या पंपखोलीत त्या मावतात, पण दारातून आत जात नाहीत! भिंत फोडावी लागते. ही भिंत आराखड्यात कुणी दाखवत नाही आणि नंतर "अनपेक्षित काम" म्हणून वाढीव बिल येतं.

काठोकाठ पाणी वाहून जाळीत जाणारा आधुनिक तलाव हवा असेल तर ते सांडलेलं पाणी झेलणारी संतुलन टाकी लागते, तलावाच्या दहाएक टक्के आकाराची. जुन्या तलावाशेजारी ४५-५० घनमीटरला जागा असते का, हे आधी मोजा. नसेल तर दुरुस्तीचा हट्ट सोडा.

हवेचं यंत्र तलावाला स्वतंत्र हवं. हॉलची हवा पाण्यापेक्षा एक-दोन अंशांनी गरम, आर्द्रता ५० ते ६० टक्के, आणि दाब बाकी इमारतीपेक्षा किंचित कमी. नाहीतर क्लोरामाइनचा (क्लोरीन आणि घाम वगैरे मिळून होणाऱ्या वायूचा) वास व्यायामशाळेत, सभागृहात, सगळीकडे शिरतो आणि लोकांना वाटतं क्लोरीन जास्त झालंय. खरं म्हणजे ताजी हवा कमी पडलेली असते.

पायवाट
तुम्ही सगळे जमिनीखाली आणि छतावर अडकलात. बाग चालते की नाही हे तिच्या कडेवर ठरतं. दोन मजली पार्किंगचा रॅम्प १:८ उताराने धरला तरी एका मजल्याला २४ मीटर, वर सुरुवातीचा आणि शेवटचा सौम्य भाग वेगळा. आत जायचा एक, बाहेर यायचा एक. हे रॅम्प कुठे उघडणार? फुटपाथवरच. लॉस एंजेलिसच्या पर्शिंग स्क्वेअरखाली १९५० च्या दशकात पार्किंग केलं आणि रॅम्पनी चौकाला चहूबाजूंनी असं वेढलं की चालणारा माणूस बागेपासून तुटला. पुढे मधल्या भागाची रचना बदलून पाहिली, तरी कडेचे रॅम्प तिथेच राहिले.

उलट न्यूयॉर्कचा ब्रायंट पार्क. १९८८ ते १९९२ बंद ठेवून दुरुस्त केला. सार्वजनिक जागांचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी दोष दाखवला होता तो साधा: उंच झुडपांच्या भिंती, रस्त्यावरून आतलं दिसत नाही, शिरायच्या वाटा कमी. झुडपं हटवली, वाटा वाढवल्या, हलवता येणाऱ्या खुर्च्या ठेवल्या. त्यासाठी बाग उखडली नाही.

नकाशाकार
गंमत अशी, ब्रायंट पार्कच्या हिरवळीखाली शेजारच्या ग्रंथालयाचं भलंमोठं तळघर त्याच सुमारास खणलं. म्हणजे खाली बांधकाम आणि वर बाग हे जमतं!

मुळाक्षर
जमतं, कारण खणलं ते मधल्या उघड्या हिरवळीखाली. दोन्ही बाजूंच्या जुन्या प्लेन (चिनारच्या कुळातल्या) झाडांच्या रांगा जागेवर राहिल्या. माझं म्हणणं तरी दुसरं काय आहे?

ओळंबा
मग दोघांनी एकाच नकाशावर रेघ मारा. झाडांची वर्तुळं काढा, १२ पट त्रिज्येची. त्याबाहेर जे उरतं त्यात आज इमारत आणि मोकळं फरसबंद अंगण असतं. सभागृह राखलं, तर तलावाचा भाग आणि अंगण मिळून समजा दोन हजार चौरस मीटर खणता येतील. दोन मजल्यांत १२० गाड्या. २०० नाहीत.

तेही भूजल परवानगी देईल तेवढंच. भूजल बांधकामाच्या तळाच्या वर एक मीटर चढलं की ते चौरस मीटरला एक टनाने वर ढकलतं. ३० सेंटिमीटरच्या स्लॅबचं वजन फक्त पाऊण टन. म्हणूनच रिकामा केलेला तलाव पावसाळ्यात जमिनीतून उचलला जातो आणि नळ तुटतात. दुरुस्तीसाठी तलाव उपसणाऱ्यांनी आधी शेजारी बोअर घेऊन पातळी बघावी.

नकाशाकार
८० गाड्या कमी. त्या ८० रस्त्यावर उभ्या राहतील, मग इथेच तक्रारी येतील. आणि स्लॅबवरच्या वॉटरप्रूफिंगची भीती अवास्तव आहे. माती टाकण्याआधी ५ सेंटिमीटर पाणी ४८ तास साठवून ठेवा, गळलं तर तेव्हाच सापडतं.

मुळाक्षर
चाचणी होते, सही होते, मग त्याच वॉटरप्रूफिंगच्या पडद्यावरून मजूर फावडी आणि हातगाड्या घेऊन माती ओढतात. भोकं चाचणीनंतर पडतात. पडद्यावर लगेच संरक्षक थर आणि मूळरोधक पत्रा टाकला नसेल तर त्या ४८ तासांना अर्थ नाही. आणि गळतीचं पाणी छिद्राखाली टपकत नाही, स्लॅबवरून दहा मीटर सरकून टपकतं. शोधायला सगळी माती उचला, झाडांसकट.

पायवाट
८० गाड्या कमी म्हणजे फुटपाथ ओलांडणारी रॅम्पवरची वर्दळही कमी, हे फायद्यात धरा.

ओळंबा
भूजलाची पातळी मोजणाऱ्या नळ्या तीन ठिकाणी पुरा आणि अख्खा पावसाळा वाचन घ्या, दर आठवड्याला. उन्हाळ्यात एकदा बोअर मारून "पाणी नाही" लिहिलेला अहवाल मला दाखवू नका.

नकाशाकार
म्हणजे वर्ष गेलं.

ओळंबा
जाऊ दे. त्याच वर्षात कोअर काढून होतील, छताची टांगणी तपासून होईल, आणि हलवायचीच असतील त्या चार-दोन झाडांची मुळंही छाटून होतील.