जबडा आणि मान दोन्ही धरलंय, दात घासून घेऊ का? (मदत हवी आहे)

सांजवारा
नमस्कार. शुक्रवारी अपॉइंटमेंट आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. जबडा दुखतो आणि मानही दुखते. डेंटिस्ट म्हणतात चावा (वरचे-खालचे दात एकमेकांवर बसणं) बिघडलाय, दोन-तीन दात थोडे घासून, म्हणजे झिजवून, जुळवून घेऊ. मानेच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून मणक्यात झीज आहे असं सांगितलं आणि पट्टा दिला. इकडे मानेचं सांगितलं की "ते तिकडे दाखवा", तिकडे जबड्याचं सांगितलं की "ते दाताचं". दात घासले तर मान थांबेल का? कोणी करून घेतलंय का? कृपया अनुभव असलेल्यांनीच लिहा.

शिंपला
कुठली बाजू? किती दिवस? आवाज येतो का? तोंड पूर्ण उघडतं का? वय काय? रोजची औषधं कोणती? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

जुनाच_वाचक
उशी बदला. माझी मान सहा वर्षं दुखत होती, पातळ उशी घेतल्यावर आठवड्यात थांबली. लोक उगाच डॉक्टरांकडे फिरतात.

सांजवारा
डावी बाजू, अडीच महिने. कट्कट आवाज येतो. तोंड उघडतं. वय ४१. उशी तीनदा बदलून झाली.

शिंपला
"उघडतं" म्हणजे किती? स्वतःच्या हाताची मधली तीन बोटं एकावर एक ठेवून पुढच्या दातांमध्ये जातात का बघा. साधारण ४० मिमी किंवा जास्त उघडायला हवं. आणि आरशासमोर सावकाश उघडताना खालच्या दातांची मधली रेघ सरळ खाली जाते की बाजूला वळते तेही बघा. औषधांचं राहिलं सांगायचं.

रानवाट
माझ्या मुलीचा जबडा असाच दुखायचा, अक्कलदाढ काढली आणि गेला. ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) काढा, त्यात सगळं कळतं.

शिंपला
ओपीजीत हाड आणि दात दिसतात. जबड्याच्या सांध्यातली मऊ गादी दिसत नाही, त्यासाठी एमआरआय लागतो. आणि आवाज येणाऱ्या प्रत्येकाला त्याचीही गरज नसते. दुखत नसलेल्या कितीतरी लोकांची गादी सरकलेली असते.

कातळ
मी अनुभवाचं लिहितो, कारण तेच मागितलंय. माझे दात घासून चावा जुळवला, महिन्याभरात जबडा मोकळा झाला. मुळात दोष चाव्यातच असतो. चावा चुकला की स्नायू ओढतात आणि मान त्यामागून येते. शुक्रवारी करून टाका.

अबोली_फिजिओ
कातळ, तुम्हाला बरं वाटलं हे चांगलंच झालं, पण "करून टाका" म्हणू नका. घासलेला दात परत येत नाही. बिघडलेल्या चाव्यामुळे सांधा दुखतो ही समजूत फार जुनी आहे. कॉस्टेन नावाच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी १९३४ मध्ये दाढा गेल्यामुळे जबडा मागे सरकतो आणि कान दुखतो अशी मांडणी केली, तेव्हापासून ती चालत आली. आता चाव्याला तेवढं महत्त्व देत नाहीत, आणि परत फिरवता येत नाहीत असे उपाय सुरुवातीला करू नयेत असंच सांगतात. ही दुखणी बऱ्याचदा साध्या उपायांनी काही आठवड्यांत किंवा महिन्यांत कमी होतात.

सांजवारा ताई, एक करून बघा. ताठ बसा आणि दात हलकेच टकटक आपटा, कुठले आधी टेकतात ते लक्षात ठेवा. आता डोकं मागे टाकून तसंच करा, मग हनुवटी छातीकडे आणून करा. मान मागे असताना मागच्या दाढा आधी लागतील, पुढे वाकवल्यावर पुढचे दात. मानेबरोबर चावा बदलतो. मग मान आखडलेली असताना, खुर्चीत आडवं करून मोजलेल्या चाव्यावर कायमचं घासणं कितपत बरोबर?

कातळ
माझ्या डेंटिस्टनी बसवूनच तपासलं होतं. सगळ्यांना एका मापाने मोजू नका.

सांजवारा
आत्ता करून बघितलं. खरंच वेगळे दात लागतात! मला आडवं करूनच बघितलं होतं. पण मग मान का दुखते? एक्स-रेत झीज तर आहे.

अबोली_फिजिओ
चाळिशीनंतर मानेच्या एक्स-रेत झीज खूप जणांना दिसते, अजिबात न दुखणाऱ्यांनाही.

संबंध असा आहे. चेहरा आणि जबड्याची संवेदना ट्रायजेमिनल नसेतून जाते. तिचं एक केंद्र मेंदूच्या देठातून खाली, मानेच्या वरच्या मणक्यांच्या पातळीपर्यंत उतरतं. मानेच्या वरच्या तीन नसांची संवेदनाही तिथेच पोचते. दोन्हीकडचे निरोप एकाच ठिकाणी येत असल्यामुळे मूळ कुठलं ते मेंदूला नीट ओळखता येत नाही. मानगुटीतलं दुखणं कानशिलात जाणवतं, जबड्याचं मानेत. शिवाय तोंड मोठं उघडताना डोकं आपोआप किंचित मागे जातं, म्हणजे ते स्नायू रोज जोडीनेच काम करतात. म्हणून एकटा जबडा किंवा एकटी मान तपासून भागत नाही.

मनमोकळा
एकदा मान कटकन मोडून घ्या, सगळं जागेवर येतं. मी दर महिन्याला करतो.

अबोली_फिजिओ
नको. तपासणी न करता मानेला झटका द्यायचा नाही. क्वचित का होईना, मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते, त्यातून पक्षाघातही.

रानवाट
माझा छोटा रात्री दात खायचा, जंताचं औषध दिल्यावर थांबलं. ताई, तुम्ही रात्री दात खाता का?

शिंपला
लहान मुलांचं दात खाणं बहुतेक वेळा वयानुसार आपणच थांबतं, जंतांशी जोडू नका. पण प्रश्न चांगला आहे. काही नैराश्याच्या गोळ्यांनीही मोठी माणसं दात आवळतात, म्हणून मी औषधं विचारत होतो. तिसऱ्यांदा विचारतो!

सांजवारा
औषध कुठलंच नाही. रात्रीचं माहीत नाही, सकाळी जबडा जड असतो. अडीच बोटं जातात. खालची रेघ आधी डावीकडे वळते, मग कट् होतं आणि मध्ये येते. कानासमोर बोट ठेवलं की खाली काहीतरी टुणकन सरकल्यासारखं लागतं.

शिंपला
आणि अडीच महिन्यांपूर्वी काय झालं होतं? पडलात, अपघात, काही?

सांजवारा
काही नाही. हां, रूट कॅनाल झालं होतं. सव्वा तास तोंड उघडं ठेवून, मान मागे टाकून. ते दाताचं म्हणून लिहिलं नाही.

अबोली_फिजिओ
ताई, हे तुम्ही सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. इतका वेळ तोंड ताणलेलं आणि मान मागे, दोन्हीवर एकदम ताण आला. निदान प्रत्यक्ष तपासूनच होईल, पण शुक्रवारी दात घासण्याची घाई नको.

तोवर ओठ मिटलेले, दात सुटे, जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांमागे टाळूला. दिवसात जेव्हा आठवेल तेव्हा बघा, दात टेकलेले असतील तर सोडा. जांभई येताना जीभ टाळूलाच ठेवा, तोंड फार उघडत नाही. कडक चावायचं थोडे दिवस टाळा, शेक घ्या. तोंड अडकून उघडेनासं किंवा मिटेनासं झालं, हाताला मुंग्या किंवा बधिरपणा आला तर थांबू नका. आणि वाचणाऱ्यांपैकी पन्नाशी ओलांडलेल्या कोणाला चावताना जबडा दुखून कानशील हुळहुळं झालं किंवा दिसण्यात फरक पडला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तो वेगळा आणि तातडीचा आजार असू शकतो.

जुनाच_वाचक
तरी उशी पातळच घ्या.

सांजवारा
डेंटिस्टना फोन केला. शुक्रवारी बसवून तपासतील, घासणार नाहीत. पण आत्ता जेवताना एक जाणवलं. मी पट्टा घालूनच जेवते, आणि तो हनुवटीला खालून टेकतो. प्रत्येक घासाला जबडा त्याच्यावर दाबत उघडतेय. काढून जेवू का?

अबोली_फिजिओ
ज्यांनी दिला त्यांना आजच फोन करा आणि हेच शब्द वापरा, "हनुवटीला टेकतो, जबडा डावीकडे आधीच दुखतो." दिवसभर घालायला सांगितलाय की फक्त प्रवासात, तेही विचारा. आणि काय म्हणाले ते इथे नक्की लिहा.