पापलेट चपटे का आणि बांगडा गोल का?

अ-३०४ : नमस्कार मंडळी. मुलीला सातवीच्या विज्ञान प्रकल्पासाठी ‘माशाचे शरीर आणि त्याचा अधिवास’ हा विषय मिळाला आहे. काल ओट्यावर पापलेट आणि बांगडा शेजारी शेजारी ठेवलेले पाहून तिने विचारले, की दोन्ही आपल्याच समुद्रातले असताना एक इतके चपटे आणि दुसरा गोल कसा? ‘पोहायला सोपे जावे म्हणून’ हे उत्तर तर दोघांनाही लागू पडते. आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर जाणकार मंडळी आहेत, कृपया मार्गदर्शन करावे.

क-१०२ (निवृत्त शिक्षक, प्राणिशास्त्र) : ताई, समुद्र एकच असला तरी दोघांचे त्यातले जगणे वेगळे आहे, हे तिला प्रथम सांगावे. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट असते, त्यामुळे जो मासा दिवसभर पोहतच राहतो त्याला ते बाजूला सारण्यासाठी सतत शक्ती खर्च करावी लागते. बांगडा हा असा मासा आहे. तो थव्याने मोकळ्या पाण्यात फिरतो आणि तोंड उघडे ठेवून पोहत पोहतच पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो. म्हणून त्याचे अंग मध्ये भरलेले व दोन्ही टोकांना निमुळते आहे, शेपटीचा देठ अगदी बारीक आहे आणि शेपटी खोल दुभंगलेली आहे. त्या देठाजवळ वरच्या व खालच्या बाजूला पाच-पाच चिमुकले पर (पोहण्याचे पंखासारखे अवयव) ओळीने असतात. बांगडा धुताना ते तिला बोटाने मोजायला सांगा. सुरमई आणि कुप्पा (ट्यूना) हे त्याच कुळातले असून कुप्प्यामध्ये ही घडण इतकी पुढे गेली आहे की वेगात असताना त्याचा पाठीवरचा पहिला पर अंगातल्या खाचेत मिटून बसतो.

पापलेटाचे अंग उंच आणि दोन्ही बाजूंनी दाबलेले असते. अशा अंगाला लांबचा प्रवास महाग पडतो, पण जागच्या जागी वळणे आणि तोल सांभाळणे सोपे जाते. त्याचे तोंड लहान असते आणि पाण्यात तरंगणारे लहान, मऊ जीव हे त्याचे खाणे असते. ते आळशी मात्र नव्हे, कारण त्याची शेपटीही खोल दुभंगलेलीच आहे. पोटाखालचे पर मोठ्या पापलेटाला नसतातच, हेही तिने पाहून घ्यावे.

ब-५०१ : सर, मग पापलेट, पाकट आणि लेपा हे तिन्ही ‘चपटे मासे’ म्हणून एकाच रकान्यात टाकले तर चालतील का?

क-१०२ : कृपया तसे करू नये, कारण या विषयातली खरी गंमत तिथेच आहे. हे तीन चपटेपणा तीन वेगवेगळ्या वाटांनी आलेले आहेत. पापलेट बाजूंनी दाबलेले आहे आणि ते उभेच पोहते. पाकट वरून खाली दाबलेला आहे; त्याचे डोळे पाठीकडे असून तोंड आणि कल्ल्यांच्या फटी पोटाच्या बाजूला आहेत. तळावर टेकलेला असताना तोंडाने पाणी घेतले तर गाळ आत जाईल, म्हणून तो डोळ्यांमागच्या दोन छिद्रांतून वरचे पाणी आत ओढतो.

लेप्याची गोष्ट याहून नवलाची आहे. तो चक्क एका कुशीवर आडवा झालेला मासा आहे. अंड्यातून बाहेर पडलेले त्याचे पिल्लू इतर माशांसारखेच असते, दोन बाजूंना दोन डोळे. मग वाढता वाढता त्याचा उजवा डोळा सरकत डाव्या बाजूला येतो आणि उजवी कूस कायमची तळाला लागते. म्हणून लेप्याची एक बाजू मातकट आणि दुसरी पांढरट दिसते. बाजारात लेपा उलटसुलट करून पाहिला आणि वाकडे तोंड नीट न्याहाळले, तर हा सारा इतिहास त्या एका माशात दिसतो.

ब-२०३ (माहेर अर्नाळा) : सरांचे म्हणणे वाचून आमच्या बोंबलाविषयी लिहावेसे वाटले. बोंबील किनाऱ्याजवळच्या गढूळ पाण्यात, चिखलाच्या तळाशी असतो. त्याचे अंग लिबलिबीत, जवळजवळ पारदर्शक आणि पाण्याने भरलेले असते. बांगड्याचा घट्टपणा त्यात मुळीच नाही. तोंड मात्र डोळ्यांच्याही मागपर्यंत फाटलेले असते आणि दात आत वळलेले असतात, त्यामुळे एकदा धरलेली कोळंबी सुटत नाही. आमच्याकडे डोलीचे जाळे मासळीमागे ओढत नाहीत, ते भरती-ओहोटीच्या प्रवाहाला तोंड करून एका जागी रोवतात. पाण्याची ओढ जे आणील ते त्यात येते, आणि बोंबील त्यात भरभरून येतो. सुरमईसाठी कोणी डोल लावून बसत नाही. मासळीची चाल ओळखूनच जाळे ठरते, ही कोळ्यांची जाण प्रकल्पात अवश्य यावी.

क-४०६ : चर्चा समुद्रापुरतीच राहू नये म्हणून सह्याद्रीतल्या ओढ्यांचा उल्लेख करतो. पावसाळ्यात जिथे माणसाचा पाय ठरत नाही, तिथे बोटाएवढे मासे दगडाला चिकटून असतात. त्यांचे पोट सपाट आणि पाठ किंचित कमानदार असते, आणि छातीचे व पोटाचे पर आडवे पसरलेले असतात. काहींच्या छातीखाली कातडीच्या बारीक वळ्या असतात, त्यांनी ते दगडाला पकडतात. दगडाच्या अगदी लगतच्या पाण्याचा वेग घर्षणामुळे बराच कमी असतो, आणि हे मासे त्या पातळ थरात दबून राहतात. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे संचालक राहिलेले डॉ. सुंदरलाल होरा यांनी अशा डोंगरी माशांचा अनेक वर्षे अभ्यास केला होता. ओढ्यावर बंधारा घालून पाणी तुंबवले की या घडणीचा उपयोगच उरत नाही, आणि ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते.

अ-१०१ : आमच्या टाकीतला एंजल फिश पापलेटासारखाच उंच व पातळ आहे. तो ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या संथ पाण्यात, पाणवनस्पतींच्या दांड्यांमध्ये राहतो. तिथे उभ्या फटींतून सरकता येणे महत्त्वाचे असते आणि अंगावरचे काळे उभे पट्टे त्याला लपवतात.

अ-३०४ : सर्वांचे मनापासून आभार. मुलीचा आणखी एक प्रश्न आहे. हा आकार जन्मतःच ठरलेला असतो, की पाणी बदलले तर एकाच जन्मात बदलूही शकतो?

क-१०२ : बहुतेक आकार पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून घडतो, परंतु काही माशांत तो एका आयुष्यातही बदलतो. युरोपातल्या तळ्यांत क्रुशियन कार्प नावाचा मासा आहे. ब्रॉनमार्क आणि माइनर या संशोधकांनी १९९२ साली दाखवून दिले, की पाइक हा शिकारी मासा असलेल्या पाण्यात वाढणारे हे कार्प अधिक उंच अंगाचे होतात. पाइक भक्ष्य अख्खे गिळतो, त्यामुळे त्याच्या जबड्यात न मावणारा कार्प वाचतो. पण त्या उंच अंगाला पोहताना पाण्याचा विरोधही जास्त होतो. अधिवास म्हणजे केवळ पाणी आणि तळ नव्हे, त्यात शेजारी कोण राहतो हेही येते, असे तिने आवर्जून लिहावे.

प्रकल्पासाठी एक सूचना करतो. प्रत्येक माशाची लांबी, उंची आणि जाडी मोजून लांबीला उंचीने भागावे. लांबी मात्र तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या पराच्या मुळापर्यंतच घ्यावी, कारण बाजारातल्या माशांची शेपटी बऱ्याचदा फाटलेली असते. लेप्याची ‘उंची’ म्हणजे आपल्याला दिसणारी त्याची रुंदी, एवढे लक्षात ठेवावे.

ब-२०३ : ताई, रविवारी सकाळी मी मासळी आणायला जाणार आहे, मुलीला माझ्याबरोबर पाठवा. बोंबील ताजा असतानाच मोजावा लागेल, कारण बर्फातून काढल्यावर तो लगेच आकार सोडतो.