केळीबागांची कार्यक्षमता: रेडियल माप घ्यावं की नॉन-रेडियल?

मंडळी, मदत हवी आहे. रावेर-यावल भागातल्या केळी बागायतदारांच्या माहितीवर डेटा एन्व्हलपमेंट ॲनालिसिस करतोय, म्हणजे सगळ्यात चांगल्या बागांशी तुलना करून प्रत्येक बागेला ० ते १ असा कार्यक्षमतेचा गुण देतोय. इनपुट म्हणजे खत, मजुरी, ठिबकचं पाणी आणि रोपांचा खर्च; आउटपुट एकच, घडांचं एकूण वजन.

आधी चार्न्स, कूपर, ऱ्होड्स यांचं १९७८ चं सीसीआर मॉडेल चालवलं. ते सगळे इनपुट एकाच प्रमाणात घटवून बघतं, म्हणजे रेडियल माप. गुण ०.८५ आला, की खत, पाणी, मजुरी सगळंच १५ टक्के कमी करा! आपल्याकडे तसं असतं का? मजूर आधीच मिळत नाहीत, खत मात्र शेजाऱ्याचं बघून ओतलं जातं. हा जास्तीचा भाग, म्हणजे स्लॅक, त्या गुणात येतच नाही. काही बागांना तर स्लॅक असूनही पूर्ण १ मिळालाय.

मग टोने यांचं २००१ चं एसबीएम (स्लॅक्स-बेस्ड मेजर) हे नॉन-रेडियल माप लावलं. ते प्रत्येक इनपुटचा स्लॅक वेगवेगळा, थेट मोजतं, त्यामुळे गुण सीसीआरपेक्षा जास्त येणार नाहीत हे ठीक. पण बागांची क्रमवारीच उलटीपालटी झाली. गाईड म्हणतात, एकच ठेव.

माझा कल एसबीएमकडे आहे. पण ठिबकमधून खत सोडणाऱ्यांचं खत आणि पाणी बरंचसं जोडीनेच हलतं. मग तिथे टोने-त्सुत्सुई यांचं २०१० चं ईबीएम (एप्सिलॉन-बेस्ड मेजर), ज्यात रेडियल आणि नॉन-रेडियल दोन्ही मापं एकत्र येतात, जास्त योग्य ठरेल का? शिवाय काही जण घरचेच कंद लावतात, त्यांचा रोपखर्च शून्य. एसबीएममध्ये स्लॅकला इनपुटने भागायचं असतं, तिथे तुम्ही शून्याचं काय करता?