ग्रिडवर भागत नाही

इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या गनमध्ये ग्रिड म्हणजे एक जाळी असते. तिचं व्होल्टेज झटपट चालू-बंद केलं की इलेक्ट्रॉनांचा हवा तेवढा आखूड पल्स मिळतो, हे म्हणणं मिरजेत आम्ही सांभाळतो त्या कॅन्सरच्या मशीनपुरतं चालेल. तिथं पल्स ३-४ मायक्रोसेकंदांचा. मॉड्युलेटरच्या (उच्च व्होल्टेजचे पल्स पुरवणाऱ्या यंत्राच्या) कपाटाजवळ उभं राहिलं की त्याची टर्रर्र ऐकूही येते. पण ग्रिडच्या जोरावर फार तर नॅनोसेकंदापर्यंत उतरता येतं. त्याखाली जायचं तर तांब्याच्या कॅथोडवर (इलेक्ट्रॉन जिथून सुटतात त्या पृष्ठभागावर) अतिनील लेसरचा पिकोसेकंदांचा (नॅनोसेकंदाचा हजारावा भाग म्हणजे पिकोसेकंद) झोत मारतात.

खरी गंमत पुढं आहे. इलेक्ट्रॉनांचा हा गुच्छ आणखी आखूड करायला सुरुवातीलाच दाबायला गेलं तर इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलून पांगतात, म्हणून आधी वेग चढवायचा. पण प्रकाशाच्या वेगाजवळ सगळेच सारखे पळतात, मग मागचा पुढच्याला गाठणार कसा? वेग देणाऱ्या रेडिओ लहरींची (आरएफ) फेज, म्हणजे लहर आणि गुच्छ यांच्या वेळेचा मेळ, सरकवून गुच्छाच्या शेपटाला जास्त ऊर्जा देतात आणि गुच्छ चार चुंबकांच्या वळणातून घालतात. जास्त ऊर्जेचा कमी वळतो, आखूड वाटेनं निघतो. (खंबाटकीच्या एस वळणावर बाइकवाले आतून घुसतात ना, तसंच.) १०० फेमटोसेकंदांचा (पिकोसेकंदाचा हजारावा भाग म्हणजे फेमटोसेकंद) पल्स म्हणजे लांबी फक्त ०.०३ मिलिमीटर! अमेरिकेतल्या एलसीएलएस या संशोधन केंद्राचा क्ष-किरण लेसर २००९ मध्ये सुरू झाला तो अशाच दाबलेल्या गुच्छांवर.