‘प्रतिकार’, ‘दाद न देणे’ की ‘निर्ढावणे’?

विचारणा:
पेशीचक्राची (पेशी वाढून तिच्या दोन होण्याच्या क्रमाची) जनुके आणि कर्करोगाच्या गाठीची वाढ यांवरील एका लेखाचा अनुवाद करताना ‘चेकपॉइंट’ आणि ‘रेझिस्टन्स’ या दोन शब्दांपाशी अडलो आहे. पहिल्यासाठी ‘नियंत्रणबिंदू’ लिहिले. दुसऱ्यासाठी ‘केमोथेरपीला प्रतिकार’ लिहून घरी वाचून दाखवले, तेव्हा आईने विचारले, “प्रतिकार वाढला म्हणजे चांगलेच ना?” ‘प्रतिकारशक्ती’ या शब्दाने तो अर्थ आधीच अडवून ठेवलेला आहे.

प्रतिसाद:
‘बिंदू’ म्हणजे केवळ जागा. १९८९ साली लेलँड हार्टवेल आणि टेड वाइनर्ट या शास्त्रज्ञांनी यीस्टच्या पेशींवरून जी कल्पना मांडली, ती अडवणुकीची होती: डीएनएची मोडतोड झाली असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत पेशीने विभाजनाकडे जाऊ नये. त्यासाठी आपल्याकडे ‘नाका’ आहे. जकातनाक्यावर कागद तपासून होईपर्यंत मालमोटार उभी राहत असे, तशीच पेशी थांबते. पी५३ हे प्रथिन तिथला नाकेदार. ते पी२१ या प्रथिनाची निर्मिती वाढवून चक्राला रेटणारी विकरे रोखते आणि बिघाड फारच मोठा असेल, तर पेशीला मरणाच्या वाटेला लावते. माणसाच्या सुमारे निम्म्या कर्करोगांत या नाकेदाराचे जनुकच बिघडलेले असते, त्यामुळे गाठ बेलगाम वाढते आणि औषधाने डीएनए तोडला तरी पेशी सहजी मरत नाही.

दुसरा प्रतिसाद:
‘नाका’ मान्य, मात्र तो नेहमी रुग्णाच्याच बाजूचा असतो असे वाचकाला वाटू देऊ नये. विभाजनाच्या अगदी आधीच्या नाक्यावर ‘वी१’ हे जनुक काम करते. (स्कॉटिश बोलीत ‘वी’ म्हणजे चिमुकले, पॉल नर्स या शास्त्रज्ञाला एडिंबरा येथे सापडलेल्या यीस्टच्या पेशी या जनुकातील दोषामुळे पुरेशा वाढण्याआधीच विभागत आणि लहान राहत.) पी५३ गमावलेली गाठ याच नाक्यावर थांबून, केमोथेरपीने केलेली मोडतोड दुरुस्त करून घेऊ शकते, म्हणूनच तो नाका उठवणारी औषधे तपासली जात आहेत.

‘प्रतिकार’ मात्र काढून टाकावा. पॅक्लिटॅक्सेल हे केमोथेरपीचे औषध विभाजन चालू असलेल्या पेशीला मध्येच अडकवते. जी पेशी चक्राबाहेर स्वस्थ बसली आहे, ती त्याच्या तावडीत फारशी सापडत नाही. ती लढत नसते, फक्त दाद देत नसते. “गाठ औषधाला दाद देत नाही” हे मराठीत रोज बोलले जाणारे वाक्य आहे आणि ते इथे नेमके बसते. आधी दाद देणारी गाठ पुढे बदलते, तेव्हा मी ‘निर्ढावली’ म्हणेन. स्तनाच्या कर्करोगावरील पाल्बोसिक्लिब हे औषध पेशीच्या विभाजनावर आरबी या प्रथिनाचा ब्रेक लागलेला ठेवते. उपचार चालू असताना काही पेशींनी आरबीच गमावले, तर औषधाने दाबायचे काय?

विचारणाकर्ता:
दोन्ही क्रियापदे घेतो, कारण मूळ लेखातही पहिल्यापासूनचा आणि मागाहून आलेला असे दोन प्रकार वेगळे दाखवले आहेत. अडचण तक्त्याची आहे. ‘निर्ढावलेपण’ रकान्याच्या मथळ्यावर शोभत नाही. तेवढ्या जागी ‘औषधरोध’ लिहीन, आणि आईला पुन्हा वाचून दाखवीन.