वेस मॉन्टगोमरीची शेवटची वर्षं वाया गेली का?

मंद्रतार:
काल अमेरिकन जॅझ गिटारवादक वेसची 1967 ची 'अ डे इन द लाइफ' ही रेकॉर्ड पुन्हा ऐकली आणि पुन्हा तीच हळहळ वाटली. मागे व्हायोलिनांचा ताफा, पुढे लोकप्रिय गाण्याची चाल, आणि सोलो (त्याचं एकट्याचं वादन) रंगायच्या आतच गाणं संपतं. हाच माणूस 1960 च्या 'द इन्क्रेडिबल जॅझ गिटार'मध्ये काय वाजवतो! आधी एकेरी सूर, मग तोच स्वर दोन सप्तकांत एकदम, मग कॉर्ड, म्हणजे अनेक स्वर एकत्र. सोलो पायरी-पायरीने चढत जातो. 1962 च्या 'फुल हाउस'मध्ये तर जॉनी ग्रिफिनच्या सॅक्सोफोनसमोर त्याची गिटार तसूभरही मागे हटत नाही. निर्माता क्रीड टेलरने त्याला गुळगुळीत केलं, असं माझं ठाम मत आहे.

सहावीघर:
अजिबात पटलं नाही. सात मुलांचा बाप होता तो. इंडियानापोलिसमध्ये दिवसभर कारखान्यात काम आणि रात्री क्लबात वादन, अशी त्याने वर्षं काढली. 1959 मध्ये सॅक्सोफोनवादक कॅननबॉल अ‍ॅडर्लीने त्याला ऐकलं आणि रिव्हरसाइड या रेकॉर्ड कंपनीकडे त्याचं नाव लावून धरलं, तेव्हा वेस छत्तिशीत होता. पुढे 1964 मध्ये रिव्हरसाइडचंच दिवाळं वाजलं. अशा माणसाने खपणाऱ्या रेकॉर्डी केल्या तर त्याला बोल कसा लावायचा? आणि मैफलीत तो बदलला नव्हताच. 1965 चं पॅरिसचं रेकॉर्डिंग ऐका, पियानोवर हॅरोल्ड मेबर्न आहे.

मंद्रतार:
बोल त्याला लावतच नाही हो. पण पॅरिसचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. हातात एवढं असताना स्टुडिओत त्यातलं किती घेतलं?

अंगठेबहाद्दर:
मी गिटार वाजवतो, म्हणून थोडं वेगळं सांगतो. वेस पिक (तार छेडायची छोटी पट्टी) वापरत नसे, नुसत्या अंगठ्याने छेडायचा. सप्तकाची जोडी वाजवताना मधली तार डाव्या बोटाने मुकी ठेवावी लागते, नाहीतर नको तो सूर घुसतो. हे सावकाश चालीत, तोल न जाऊ देता करून बघा. वर्षभर घासतोय, अजून तो गोलावा येत नाही. त्या 'गुळगुळीत' रेकॉर्डींमध्ये हा आवाज सगळ्यात उघडा ऐकू येतो. मी वेसकडे वळलो तो त्यांच्यामुळेच.

मंद्रतार:
आवाजाबद्दल मान्य. तरी रचना पातळ ती पातळच. आणि 'विलो वीप फॉर मी' या रेकॉर्डचं काय? हाफ नोट क्लबात पियानोवादक विंटन केलीच्या त्रयीबरोबर वाजवलेलं, धगधगतं. त्यावर मागाहून वाद्यवृंद चढवून 1969 मध्ये बाजारात आणलं!

सहावीघर:
त्याचा रागच येतो, इथे मी तुमच्याबरोबर. पण वेस 15 जून 1968 ला गेला, पंचेचाळिसाव्या वर्षी. ते त्याच्या खात्यावर मांडू नका. आणि क्रीड टेलरबद्दल बोलताना एक आठवा: विंटन केलीबरोबरची 1965 ची 'स्मोकिन अ‍ॅट द हाफ नोट' त्याच्याच हातची आहे.